विम्याआधीचा पैसा : कोण सुटलं हे मोजायला अनुदान कोण देतं?

आकडेमोड (धागाकर्ता) :

मंडळी, आरोग्य विम्यावर इथे बरेच धागे निघाले, पण बहुतेक ‘कोणती पॉलिसी घेऊ’ या वळणाचे. मला त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर बोलायचं आहे. सरकार म्हणतं, विमा सगळ्यांना. त्या सगळ्यांमध्ये आधीच कुठल्या तरी योजनेत असलेले किती, कशातच नसलेले किती आणि ते का नाहीत, हे कळायला पाहणी लागते, माणसं लागतात, पैसा लागतो. तो पैसा कोण देतं?

अमेरिकेत यासाठी वेगळं अनुदानच होतं. २००० साली त्यांच्या केंद्रीय आरोग्य खात्यातल्या एचआरएसए या विभागाने राज्यांना ‘नियोजन अनुदान’ द्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत ११ राज्यं होती आणि राज्यामागे रक्कम साधारण दहा लाख डॉलरच्या घरात. हा पैसा हप्ते भरायला नव्हताच. घरोघरी पाहणी करा, छोट्या धंदेवाल्यांना बसवून विचारा की नोकरांचा विमा का काढत नाही, आणि विमा सगळ्यांपर्यंत न्यायचे कोणकोणते रस्ते आहेत ते खर्चासकट लिहून द्या, एवढंच काम.

आपल्याकडे उलटी रीत. आधी योजना जाहीर, मग यादीची शोधाशोध. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण, तिला दारिद्र्यरेषेच्या जुन्या याद्या लावल्या. २३ सप्टेंबर २०१८ ला आयुष्मान भारत सुरू झाली, पाच लाखांची, तिला २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीची यादी लावली. म्हणजे सुरू होतानाच यादी सात वर्षं शिळी. त्या सात वर्षांत नागपुरात कोण आलं, कोण गेलं, कोणाचं लग्न होऊन घर वेगळं झालं, कोणाची मिल बंद पडली, त्याचा पत्ता नाही. जनगणनासुद्धा २०११ नंतर झाली नाही, पुढची २०२७ ची.

आपल्या राज्याने वेगळी वाट धरली, ती मला जास्त शहाणपणाची वाटते. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आधी आठ जिल्ह्यांत चालवून पाहिली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात होते. नागपूरसह बाकीच्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ ला आली. नावनोंदणी नाही, हप्ता नाही, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवा आणि दीड लाखापर्यंत उपचार घ्या. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना, आणि तेही पाच लाखांपर्यंत.

म्हणजे कागदावर महाराष्ट्रात आता कोणीच सुटलेलं नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरटी विचारलं, तुमच्याकडे कोणाचा आरोग्य विमा आहे का. देशात ४१ टक्के घरांनी हो म्हटलं. महाराष्ट्राचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हाही केशरी आणि पिवळी कार्डं मिळून राज्यातली बहुतेक कुटुंबं योजनेत बसत होती. त्यांना ते ठाऊकच नव्हतं, किंवा ठाऊक असून भरवसा नव्हता. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत, आणि कोणता करायचा हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

मी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालो, त्यामुळे पाहणी म्हटली की मला जरा उमाळा येतो, हे गृहीत धरूनच वाचा. पण जाणकारांनी सांगावं : नागपुरात अशी मोजणी कोणी केली आहे का? आणि करायची म्हटली तर पैसा सरकारी अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली निघेल?

सावजी_स्पेशल :

काहून मोजून राहिले बाप्पा? मोजल्यावर काय होते माहीत आहे. एक कंपनी येते, टॅबलेट घेऊन पोट्टे फिरतात, चहा पितात, अहवाल मुंबईले जाते, आन हिवाळी अधिवेशनात कोणीतरी त्यावर तारांकित प्रश्न विचारते. मंग पुन्हा मोजा. त्या पैशात मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, खाटा वाढवा म्हणतो मी.

जर्सीतला_धरमपेठी :

आकडेमोड काका, विषय चांगला काढलात. पण अमेरिकेची गोष्ट तुम्ही मध्यंतरापर्यंतच सांगितली.

ती अनुदानं पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांना मिळाली. अहवाल झाले, काही फार चांगले होते. पण त्या दशकात इथले विमा नसलेले लोक कमी झाले नाहीत, उलट वाढले. २०१० मध्ये सुमारे १६ टक्के लोक विम्याविना होते. कोण सुटलंय ते राज्यांना कळलं, पण त्यांना आत घ्यायचा पैसा राज्यांकडे नव्हता आणि दिल्ली, म्हणजे आमची वॉशिंग्टन, तो द्यायला तयार नव्हती.

दुसरी फेरी ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यानंतर. ३० सप्टेंबर २०१० ला ४८ राज्यं आणि राजधानीला मिळून सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर दिले, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा लाख. काम पुन्हा नियोजनाचंच : विमा विकत घ्यायची सरकारी बाजारपेठ आपल्या राज्यात कशी उभी करायची ते ठरवा. इथून राजकारण सुरू झालं. फ्लोरिडा आणि लुईझियानाने नियोजनाचा पैसा परत केला. संगणक यंत्रणा आधी बांधून दाखवणाऱ्या राज्यांना वेगळं मोठं अनुदान होतं, त्यातले ५ कोटी ४० लाख ओक्लाहोमाने आणि ३ कोटी १५ लाख कॅन्ससने २०११ मध्ये परत पाठवले. आलेला पैसा सरकार परत पाठवतं हे नागपूरकराला पचणार नाही, पण घेतला असता तर कायदा मान्य केल्यासारखं झालं असतं.

ज्यांनी ठेवून घेतला त्यांचंही सगळं सुरळीत नाही. ओरेगन नियोजनात पहिल्यापासून, २००० च्या ११ राज्यांतसुद्धा. त्यांना सगळं मिळून ३० कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. ऑक्टोबर २०१३ ला संकेतस्थळ उघडायचं होतं, ते चाललंच नाही. लोकांचे अर्ज कागदावर भरून घ्यावे लागले आणि २०१४ मध्ये त्यांनी केंद्राच्या संकेतस्थळाचा आसरा घेतला.

याच्या उलट मॅसॅच्युसेट्स. तेही पहिल्या ११ मध्ये. त्यांच्याकडे घरोघरच्या पाहण्या होत्या, पण त्याच्या जोडीला २००६ साली त्यांनी कायदा केला आणि त्यात पैसा ओतला. विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात कमी तिथे आलं. सावजीभाऊंना एवढंच सांगतो की मोजणीने एकटीने काही झालं नाही हे खरं, पण ज्यांच्याकडे मोजणी तयार होती त्यांना कायदा आल्यावर कुठून सुरुवात करायची ते माहीत होतं.

सावजी_स्पेशल :

३० कोटी डॉलर आन कागदावर फॉर्म! म्हणजे आपल्याले उगाच लाज वाटते राजेहो.

मित्रताई :

मी काही वर्षं आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करायला टेबलावर बसणारी, होते, नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात. नाव नाही सांगत. ‘कोण सुटतं’ याचं उत्तर मला काउंटरवरून जे दिसलं ते सांगते.

रुग्णालयाच्या दारात योजनेचा बोर्ड असतो, त्याच्याखाली आमचं टेबल. समोर येणारा माणूस विमा आहे का असं कधीच विचारत नाही. तो विचारतो, ‘ताई, हे योजनेत बसते का?’ बसायचे तीन दरवाजे असतात. आजार यादीत हवा, रुग्णालयाला त्या विभागाची मान्यता हवी आणि कागद जुळायला हवेत. पहिल्या दोहोंची चर्चा पेपरात होते. माझ्या टेबलावर माणसं अडायची ती तिसऱ्यात.

एक उदाहरण देते. काटोलकडचं कुटुंब, बाई हृदयाच्या झडपेसाठी भरती. केशरी कार्ड, प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवलेलं. त्यावर सासरे कुटुंबप्रमुख, ते वारलेले. मुलाचं नाव आहे, सुनेचं नाही, कारण लग्नानंतर नाव चढवायला कोणी गेलंच नाही. आधारवर तिचं नाव माहेरच्या पद्धतीने लिहिलेलं. कार्डाचा बारा अंकी क्रमांक ऑनलाइन निघेना. आजार यादीत होता, डॉक्टर तयार होते, मंजुरीही मिळाली असती. पण ती बाई त्या कुटुंबाची आहे हे दाखवायला कागद नव्हता. नवरा तहसीलच्या पुरवठा शाखेत गेला तर तिथे शनिवार. इकडे बिलिंगवाल्यांनी तोवर अनामत भरायला सांगितलं. त्याने दिराकडून, सोसायटीतून, कुठून कुठून पैसे आणून भरले. सोमवारी दुपारी नाव चढल्याचा कागद आला आणि पुढचा खर्च योजनेत गेला. भरलेली अनामत मात्र परत मिळायला बराच काळ लागला.

इमर्जन्सीत फोनवर मंजुरी घेऊन कागद मागाहून देता येतात, हे नियमात आहे. पण रात्री बाराला नातेवाइकाला ते सांगणारं कोणी टेबलावर हवं ना.

आकडेमोड काका, तुमच्या पाहणीत ही सून कुठे धराल? तिच्या घरी केशरी कार्ड आहे म्हणून ‘आत’, की कार्डावर ती नाही म्हणून ‘बाहेर’?

आकडेमोड :

मित्रताई, बाहेर. आणि नेमकी हीच ओळ कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. तक्त्यात कुटुंबं मोजतात, माणसं नाही. तुम्ही सांगितलेल्या घरात चार माणसं धरली तर तीन विम्यात आणि एक नाही, आणि आजारी तीच.

तुमच्यासारख्या प्रत्येक टेबलावर ‘का अडलं’ याची नोंद होत होती का? परत पाठवलेल्यांची?

मित्रताई :

मंजुरीला पाठवलेल्या आणि नामंजूर झालेल्या केसची नोंद असते, कारणासकट. पण टेबलावरूनच जो परत गेला, ज्याची केस चढलीच नाही, तो कुठेच नसतो. आमच्या वहीत येणारे-जाणारे लिहायचो, पण ती वही रुग्णालयातच राहिली.

टाचणखूण :

लेखा विभागात आयुष्य गेलं, म्हणून पैशाच्या शीर्षाबद्दल लिहितो.

नियोजनाला पैसा नाही हे पूर्ण खरं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दरवर्षी जिल्ह्याचा आराखडा वर जातो, त्यावरून राज्याचा पीआयपी, म्हणजे वर्षाचा अंमलबजावणी आराखडा, बनतो आणि दिल्लीहून मंजूर होऊन येतो. पैसा केंद्र ६०, राज्य ४०. आयुष्मान भारतमध्येही तेच प्रमाण, आणि ते उपचारांच्या खर्चापुरतं नाही, राज्याच्या यंत्रणेच्या प्रशासकीय खर्चालाही लागू आहे. गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी ठरलेला आहे. आणि सगळ्यात मोठा आकडा पंधराव्या वित्त आयोगाचा : २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी.

आता हे सगळं कशावर खर्चता येतं ते बघा. इमारत, प्रयोगशाळा, शहरी आरोग्य केंद्र, यंत्रसामग्री, मानधन, प्रसिद्धी, शिबिर. या सगळ्याचं उपयोगिता प्रमाणपत्र देता येतं, फोटो काढता येतो. ‘वस्तीत जाऊन कोण सुटलंय ते विचारलं’ याचा फोटो निघतो, पण मालमत्ता नोंदवहीत काय लिहिणार? मार्च महिन्यात ज्यांनी बिलं काढली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पैसा जिथे पटकन खर्ची पडतो तिथे जातो, आणि विचारणं हे पटकन खर्ची पडत नाही.

आणि न विचारल्याची किंमतही दिसलेली आहे. २०२३ मध्ये कॅगने आयुष्मान भारतचा लेखापरीक्षण अहवाल संसदेत मांडला. त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले निघाले, ९९९९९९९९९९. दहा वेळा नऊ. ज्याने तो भरला त्याला दोष देऊन उपयोग नाही. रकाना सक्तीचा होता, माणसाकडे नंबर नव्हता किंवा विचारायला वेळ नव्हता, आणि टार्गेट संध्याकाळपर्यंतचं होतं.

सीताबर्डी_एक्सप्रेस :

टाचणखूण सर, दहा वेळा नऊ हे आमच्या बँकेतही चालायचं. केवायसीचा इतिहास कोणी लिहिला तर त्याचं मुखपृष्ठ हेच.

सेवाग्रामकर :

नियोजनाला अनुदान वगैरे काही नसताना आमच्याकडे एक प्रयोग झाला, तो इथे नोंदवून ठेवतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी ज्वारीवर विमा चालवला होता. सुगी झाली की गावाने ज्वारी गोळा करायची, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची थोडी. त्या बदल्यात रुग्णालयात सवलत आणि गावात आरोग्य सेवक. आणि अट अशी होती की सुटे-सुटे चालणार नाही, गावातल्या बहुतेक घरांनी मिळून यायला हवं.

माझे वडील त्या गोळा करण्यात असायचे. धान्य मोजताना कोणाचं घर राहिलं, का राहिलं, कोणाकडे यंदा पीकच नाही, हे तिथल्या तिथे ओट्यावर कळायचं. पाहणी आणि वसुली एकच होती. विमा कंपनीचा माणूस ज्याला जोखीम म्हणतो ती गावाला तोंडपाठ होती.

आता पीक ज्वारीचं राहिलं नाही, सोयाबीन-कपाशी आली, आणि फुकट योजना असल्यावर ज्वारी कोण देणार? पण एक सांगतो. त्या योजनेत आपण आहोत की नाही हे माहीत नसलेलं घर मी पाहिलं नाही.

वॉर्ड_नंबर_सात :

सरकारी रुग्णालयात नोकरी करतो, म्हणून नाव-गाव नको. थोडं कडू लिहितो.

विमा, विमा चाललं आहे, पण या योजना भरती झालेल्या माणसाच्या आहेत. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुटी झाल्यावरचे पंधरा दिवस, ही आयुष्मानची चौकट. नागपूरच्या ओपीडीत रोज जी गर्दी असते ती बीपी, शुगर, दमा, कंबर, सिकलसेलची. सिकलसेलच्या पोराला वर्षभर गोळी हवी, रक्त हवं, जवळ तपासणी हवी. गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळायची सोय आहे, पण संपली की बाप बाहेरून आणतो, आणि गडचिरोलीहून आला असेल तर दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वेगळं. पाच लाखांच्या कार्डाला यातलं काही दिसत नाही.

देशाच्या आरोग्य खर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं सरकारी लेखे सांगतात. चांगलं आहे. पण उरलेला हा वाटा बऱ्याच अंशी औषधं आणि ओपीडीचा आहे. म्हणून पाहणी करायचीच तर ‘विमा आहे का’ विचारून थांबू नका. गेल्या महिन्यात औषधाच्या दुकानात किती गेले ते विचारा. उत्तर आलं की विमा वाढवायचा की औषधाचं काउंटर, हे आपोआप ठरेल. मला उत्तर माहीत आहे असं वाटतं, पण माझं वाटणं आराखड्यात चालत नाही.

सावजीभाऊंच्या खाटांना माझं अनुमोदन. फक्त खाटेबरोबर नर्स पण मागा.

शुभ्रधवल_कार्ड :

आम्ही पांढऱ्या कार्डवाले. उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की पांढरं. महिना साडेआठ हजार कमावणारा म्हणजे श्रीमंत, असा तो हिशेब. इतकी वर्षं ना योजना, ना नोकरीतला विमा. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात यांनाच हरवलेला मधला वर्ग म्हटलं होतं, देशातले किमान ३० टक्के, सुमारे ४० कोटी लोक.

यातला नागपूरचा विनोद ऐका. आधीच्या योजनेत १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सवलत होती. वर्धा त्यात होता, नागपूर नव्हता. म्हणजे सेलू तालुक्यातला शेतकरी योजनेत, आणि बांध ओलांडून हिंगणा तालुक्यातला त्याचा साडू बाहेर. पाऊस एकच, बोंडअळी एकच. जिल्हा हे एकक धरून नियोजन केलं की असं होतं.

आता २०२४ पासून आम्हीही आत आहोत म्हणतात. मी मात्र खासगी पॉलिसी सोडली नाही. सप्टेंबर २०२५ ला हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा.

आकडेमोड :

शुभ्रधवल, तुमचं शेवटून दुसरं वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं. आत असूनही पॉलिसी सोडली नाही, याला मी भरवशाची तूट म्हणतो, आणि ही तूट कोणी मोजलेली नाही.

नागपूर शहराचंच बघा. अजनीत रेल्वेवाले, अंबाझरीला आयुध निर्माणीवाले, वेकोलिवाले, म्हणजे कोळसा खाणींचे, निवृत्त केंद्रीय कर्मचारी सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेत. हिंगणा आणि बुटीबोरीचे कामगार ईएसआयसी या कामगार विमा योजनेत, पण पगार २१,००० च्या वर गेला की कालांतराने बाहेर. यांतल्या अनेकांच्या घरी रेशनकार्डही आहे, म्हणजे कागदावर दोन-दोन छत्रं. आणि कळमना मार्केटचा बालाघाटहून आलेला हमाल? त्याचं कार्ड मध्य प्रदेशचं. आयुष्मानचं असेल तर इथे चालतं, आपल्या राज्याची योजना त्याला नाही. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत तर छिंदवाडा, शिवनी, गोंदिया, राजनांदगाव, सगळीकडची माणसं. जिल्ह्याची लोकसंख्या धरून केलेला आराखडा मेडिकल चौकात उभं राहिलं की पाच मिनिटांत खोटा ठरतो.

सर्वांचं ऐकून माझं मत असं झालं आहे की राज्यभर मोठी पाहणी मागण्यात अर्थ नाही. टाचणखूण म्हणतात तसं ती खर्ची पडणार नाही, आणि पडली तर सावजीभाऊ म्हणतात तशी. एक प्रभाग आणि एक तालुका घ्यावा. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनेचं शीर्ष असतं, त्यात लहान रक्कम मागता येईल. घरोघरी आशाताई जातातच, पण त्यांच्यावर फुकटचं काम लादू नये, प्रत्येक घरामागे मोबदला ठरवावा. अनुदान म्हणून मला तेवढंच हवं आहे. टाचणखूण, हे बसेल का?

टाचणखूण :

नावीन्यपूर्णमध्ये बसवता येईल. प्रस्ताव आरोग्य विभागामार्फत यायला हवा, तुमच्या-माझ्या नावाने नाही. सल्लागार नेमू नका, नाहीतर अर्धे त्यातच जातील. आणि कृपा करून ‘ॲप’ हा शब्द प्रस्तावात घालू नका, निविदा निघेल.

वाडीची_वहिनी :

मोठ्या लोकांच्या चर्चेत मध्येच विचारते. सासूबाई ७२ वर्षांच्या, आमचं कार्ड पांढरं, मिस्टरांना कंपनीचा विमा आहे पण त्यात त्या नाहीत. त्यांच्यासाठी काही होईल का? सायबर कॅफेवाला म्हणतो तुमचं काहीच होत नाही.

मित्रताई :

वहिनी, होतं. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांचं. ते आधारवरच्या वयावर निघतं. रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. त्यांना सीजीएचएससारखी सरकारी योजना असती तर दोन्हींतली एक निवडावी लागली असती, ती तुमची अडचण नाही. आधारवर जन्मतारीख पूर्ण आहे का ते आधी बघा, पुष्कळ म्हाताऱ्यांच्या आधारवर नुसतं साल असतं. आणि मोबाइल तुमचा किंवा मिस्टरांचा द्या, कॅफेवाल्याचा नको. शंका असेल तर १४५५५ वर फोन करा.

वाडीची_वहिनी :

नुसतं सालच आहे ताई, १ जानेवारी टाकलेलं. चालेल का?

मित्रताई :

१ जानेवारी छापलेलं असेल तर तारीख आहेच म्हणायची. कार्ड काढायला जा. मात्र रुग्णालयाच्या कागदावर वय वेगळं सांगू नका, तिथेच अडतं.

जर्सीतला_धरमपेठी :

मित्रताई, धागा वसूल. आई धरमपेठेत एकटी असते, ७५ ची. उद्याच भावाला पाठवतो.

सावजी_स्पेशल :

बरं, आता मोजायचंच ठरलं असेल तं प्रश्न कोणी लिहीन? सरकारी भाषेत नका लिहू. ‘आपणास आरोग्य विमा संरक्षण उपलब्ध आहे काय’ म्हटलं तं आमची बुढी नाई म्हणते आन दार लावते. तिले केशरी कार्ड आहे.

मित्रताई :

सावजीभाऊ, अगदी बरोबर. माझ्या टेबलाच्या अनुभवावरून मी असे लिहीन. कार्ड बाहेर आणा, कोणत्या रंगाचं आहे ते मला बघू द्या. यावर ज्यांची नावं आहेत त्यातलं आज घरी कोण राहतं, आणि घरी राहतं पण नाव नाही असं कोण. बारा अंकी क्रमांक निघतो का ते तिथेच तपासायचं. मागच्या वेळी दवाखान्यात कोणाला भरती केलं होतं, पैसे कोणी भरले, कुठून आणले. योजनेचं कोणी सांगितलं होतं का, सांगितलं असेल तर का घेतली नाही. वॉर्ड नंबर सात यांचा औषधाच्या दुकानाचा प्रश्न शेवटी.

वॉर्ड_नंबर_सात :

शेवटी नको, आधी घ्या. भरती वर्षानुवर्षं होत नाही, औषधाचं बिल मात्र कालचंच असतं. लोक त्याच्यावर बोलायला लागतात, मग बाकीचं सांगतात.

टाचणखूण :

आणि दुपारी जाऊ नका. मजुरीवर जाणारे घरी सातनंतर भेटतात. संध्याकाळच्या भेटीचा मोबदला वेगळा धरा, तो प्रस्तावात आत्ताच लिहा, नंतर वाढवून मिळत नाही.

आकडेमोड :

लिहून घेतलं. कच्चा मसुदा रविवारपर्यंत याच धाग्यावर टाकतो. सेवाग्रामकर, ज्वारी गोळा करताना वडील घराचं नाव राहिल्यास काय करायचे ते जरा विस्ताराने लिहा, तो भाग मला हवा आहे.

सेवाग्रामकर :

दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. बाकी विचारून सांगतो.